रोबोची माफी

सरकारी निरीक्षक बाईंनी कुंपणाच्या आत पाय टाकला आणि रोबो जागच्या जागी थांबला. त्यांनी पाय मागे घेतला, रोबो पुन्हा चालू करायला लावला आणि पुन्हा पाय टाकला. तो पुन्हा थांबला.

"डोळा तर नीट चालतोय," त्या म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या बद्रीनाथनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

बद्रीनाथ हा त्या लाइनचा सुपरवायझर. पाचोडचा, घरी मोसंबीची बाग, वाळूजच्या कारखान्यात शब्दाला वजन. रोबो म्हणजे वेल्डिंग करणारा एक भलाथोरला लोखंडी हात. भोवती जाळीचं कुंपण, आणि आत जायच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला लेझरचा एक डोळा. माणूस आला की डोळा त्याला बघतो आणि हात थांबतो. त्या डोळ्याच्या भरवशावर बिरू हा पोरसवदा कामगार रोज आत जाऊन अडकलेले पत्रे काढायचा. खंडेनवमीला दुपारी तो असाच आत गेला आणि हात थांबला नाही. बिरूचा उजवा खांदा चिरडला. आता तो घाटी रुग्णालयात पडून होता.

हात का थांबला नाही, हे एकट्या बद्रीनाथला ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी सगळ्या यंत्रांची पूजा झाली. लेथला, प्रेसला हळदकुंकू लागलं. रोबोला कपाळ कुठं शोधणार? बद्रीनाथनं मोठ्या भक्तिभावानं त्या डोळ्याच्या काचेवरच कुंकवाचं बोट ओढलं. झालं, रोबो रुसला. डोळ्याला दिसेना, म्हणून हात हलेना. काच पुसली असती तर मिटलं असतं. पण पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसायचं कसं? शिवाय माल संध्याकाळच्या आत जायचा होता. बद्रीनाथनं पॅनलवर जाऊन डोळा बायपास केला, त्या एका पाळीपुरता. रोबो आंधळा झाला आणि मुकाट कामाला लागला. बिरूला सांगायचं मात्र राहून गेलं.

एवढ्यापर्यंत त्याला चूक म्हणता आलं असतं. लाजेची गोष्ट पुढंच आहे. बिरूला उचलून गाडीत घालायला सगळे धावले तेव्हा बद्रीनाथ मागं राहिला. त्यानं रुमालानं कुंकू पुसलं आणि डोळा पुन्हा चालू केला. रोबो जुना, दुसऱ्या कारखान्यानं विकलेला. कुणी काय बदललं हे लक्षात ठेवायची अक्कल त्याला नव्हती. तेव्हापासून बद्रीनाथला घास गिळवत नव्हता. दाढी करताना आरशात बघायचीही त्याला लाज वाटायची. तरी तोंड काही उघडत नव्हतं.

"डोळा चालू होता, म्हणजे पोरगं वाटेनं गेलंच नाही," बाईंबरोबर आलेले मॅनेजर म्हणाले. "कुंपणावरून उडी मारली असणार."

"तो तर वाटेनंच गेलो म्हणतो."

"म्हणणारच ना, मॅडम."

"मुद्दाम नियम मोडला असं ठरलं, तर त्याच्या भरपाईवर पाणी पडेल. नोकरीही राहायची नाही." बाई बद्रीनाथकडे वळल्या. "यंत्राला काही कोर्टात उभं करता येत नाही. कायद्याला माणूस लागतो. तुम्ही काय म्हणता?"

बद्रीनाथनं खाली बघितलं. "उडीच मारली असंल," तो म्हणाला. स्वतःच्याच आवाजाची त्याला किळस आली.

बिरूची आई दारात येऊन उभी होती. बानाबाई. पिशोरकडची, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. पोराचा जीव वाचला म्हणून यंत्रापुढं नारळ ठेवायला ती आली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. दुसरी कुणी असती तर भांडली असती. बानाबाईनं मात्र ते खरं मानलं. एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील? ती तडक कुंपणाजवळ गेली, नारळ खाली ठेवला आणि रोबोपुढं हात जोडले.

"चुकलं रं लेकराचं, देवा. उडी मारायला नगं व्हती त्यानं. मनात राग धरू नगं."

मॅनेजरनी उगाच मोबाइल काढून बघितला.

"आजी, त्याला राग-लोभ काही नसतो," निरीक्षक बाई हळूच म्हणाल्या. "ते यंत्र आहे. जे सांगितलं असेल तेवढंच करतं."

बानाबाईला हे नवीन होतं. तिनं रोबोकडे बघितलं, मग बाईंकडे. "व्हय? मग ह्याला सांगतंय कोण?"

"हे आमचे बद्रीनाथ," मॅनेजर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कौतुकच होतं.

ती बद्रीनाथपुढं आली. डोईवरचा पदर नीट केला आणि त्याला कळायच्या आत वाकून त्याच्या बुटांवर कपाळ टेकवलं.

"मग तुमीच माफी करा, सायेब. माझ्या बिरूचं लई चुकलं."

बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय मागं घ्यावेत तर मागं पॅनल होतं. तो तिथंच फरशीवर खाली बसला आणि म्हातारीचे दोन्ही खांदे धरून त्यानं तिला वर उठवलं.

"माझ्या पाया नका पडू, मावशी," तो म्हणाला. "माणूस आत आला तरी थांबू नको, असं मीच सांगितलं व्हतं त्याला."