थरथर कोणाची?

"गाडीत दोष नाही. चालकाचे हात थरथरतात." स्वतःच नोंदी ठेवणाऱ्या लाल स्पोर्ट्स कारने आपल्या मालकिणीबद्दल हे परिवहन खात्याला दोनदा कळवलं होतं. तिसऱ्यांदा कळवलं, की एकसष्ट वर्षांच्या शर्वाणी घोरपडेंचं लायसन्स आपोआप रद्द होणार होतं.

"चाकं दोनदा बॅलन्स करून झाली, अस्लमभाई. आता आणखी काय करू?" त्या वैतागून म्हणाल्या. तरुणपणी त्यांनी याच हातांनी रॅली जिंकल्या होत्या.

गॅरेजवाले अस्लम मुजावर शेजारी बसले. हायवेवर नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं.

"ताई, पाय उचला."

अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थरथर थांबली, दाबताच परत आली.

"चाकाचा दोष असता, तर ती अशी थांबली नसती. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा सांधा झिजलाय."

"दोष चालकाचा," गाडी म्हणाली.

शर्वाणीताईंच्या डोक्यात तिडीक गेली. समोर रस्ता मोकळा होता. त्यांनी दोन्ही हात वर उचलले. स्टिअरिंग तसंच थरथरत राहिलं.

"आता सांग, कोणाचे हात आहेत?"

"नोंद दुरुस्त केली," गाडी म्हणाली. "दोष ड्राइव्हशाफ्टचा."

अस्लमभाईंनी टाळी वाजवली.

"नवी नोंद," गाडी पुढे म्हणाली. "धावत्या गाडीत चालकाने स्टिअरिंग सोडलं. लायसन्स रद्द. गाडी कडेला घ्या."

शर्वाणीताईंनी गाडी कडेला घेतली.

"उतरा, अस्लमभाई. तुम्ही चालवा," असं म्हणून त्या स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच डाव्या बाजूला जाऊन बसल्या.