सावत्र इंजिन

ड्वेनने शेवटचा बोल्ट आवळला, फडक्याला हात पुसले आणि पुन्हा एकदा इंजिनावर टॉर्च मारला. त्यावर कोरलेला आकडा तोच होता, गाडीच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आकडा पळून जाणार आहे का?" गॅरेजच्या दारातून त्याची बायको गेल म्हणाली. "सकाळपासून अकरा वेळा बघितलास. लग्नात बायकोकडेही इतक्यांदा बघितलं नव्हतंस."

"किती वाजले?"

"पावणेचार. आता तरी कॉफी पी."

"घशाखाली उतरायची नाही."

सोमवारी त्याच्या आईला, आर्लीनला, वृद्धाश्रमात न्यायचं होतं. घरी सांभाळणं आता दोघांच्याही आवाक्याबाहेर गेलं होतं. ईस्टरपासून तिने ड्वेनचं नाव घेतलं नव्हतं. ती त्याला कधी प्लंबर समजायची, कधी पाद्री. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडून आपलं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं.

तिच्यात एकच गोष्ट अजून जागी होती. दुपारी चार वाजले की ती केस नीट करून खिडकीशी उभी राहायची. रस्त्याने एखादी जुनी दणदणीत गाडी गेली की काचेला नाक लावायची आणि मग हिरमुसून खुर्चीत बसायची.

"बाबांची वाट बघते," ड्वेन म्हणायचा.

"बाबा दुपारपाळीला होते ना? ते तर मध्यरात्री यायचे."

"तिच्या डोक्यातलं घड्याळ बिघडलंय, गेल."

ही जीटीओ गाडी बाबांचीच, म्हणजे क्लेटनची. पाँटिअ‍ॅकच्या ज्या कारखान्यात क्लेटन राबायचा, तिथूनच ती एकोणसत्तर साली बाहेर पडली. पण वर्षभरातच त्याने तिचं मूळ इंजिन कारखान्यातल्याच मित्राला, मर्लला, दिलं आणि त्याच्या गाडीतलं साधं इंजिन आपल्या गाडीत बसवलं. क्लेटनला पेट्रोल परवडत नव्हतं आणि मर्लला वेगाचं वेड होतं. मर्ल सकाळपाळीचा. दोघांची भेट व्हायची ती दुपारी साडेतीनला कारखान्याच्या फाटकात, एक आत शिरताना आणि एक बाहेर पडताना.

बाबा गेल्यावर गाडी ड्वेनकडे आली, पण ती अदलाबदल त्याला सलत राहिली. गाड्यांच्या मेळाव्यात जाणती मंडळी बॉनेट उघडून आकडा बघायची आणि नाक मुरडायची. "देखणी आहे हो, पण इंजिन सावत्र!" वीस वर्षं तो मर्लच्या विनवण्या करत होता. म्हातारा हसून म्हणायचा, "मी गेल्यावर तुझंच आहे, पोरा."

मार्चमध्ये मर्ल गेला आणि त्याच्या पुतणीचा फोन आला. "काकांनी लिहून ठेवलंय, इंजिन ड्वेनला द्यायचं. फुकट."

"म्हातारा शब्दाला जागला," ड्वेन म्हणाला होता.

लग्नाआधी बाबांनी आईला याच इंजिनाच्या आवाजात गावभर फिरवलं होतं. तो आवाज तिच्या हाडांत मुरलेला असणार, अशी त्याची खात्री होती. माणसं विसरली तरी आवाज विसरत नाही कुणी.

चार वाजले. त्याने किल्ली फिरवली. आधीचं साधं इंजिन गुणगुणायचं, हे छाती ठोकून गरजलं. गॅरेजच्या पत्र्यावरचे डबे खडखडले. ड्वेनने गाडी मागे घेतली, गल्लीला वळसा घातला आणि घराच्या दारात येऊन उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

खिडकीचा पडदा हलला.

मग दार उघडलं. आर्लीन काठी न घेता बाहेर आली. गेल मागून धावली, पण ड्वेनने हाताने तिला थांबवलं. आईने केस विंचरले होते, ओठांना लाली लावली होती. इतकं मोकळं हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

ती गाडीच्या खिडकीशी वाकली आणि तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

"आई," तो म्हणाला, "ओळखलास ना आवाज?"

तिने घाईघाईने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं, मागे वळून घराकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज कशाला आलास, मर्ल? क्लेटनला सुट्टी आहे. आणि ते इंजिन आधी बंद कर, आत्ता कुठे डोळा लागलाय तुझ्या ड्वेनचा."