मध्यंतराआधी उघडायचे नाही

"पाव, लोणी, मांस, चीज. वर झाकण, मग फॉइल," लिबी म्हणाली. "सांग बघू."

"पाव, लोणी, मांस, चीज." एमिलने बाह्या सरसावल्या. "मी काय पोर आहे? लग्न झाल्यापासून हेच करतोय."

ते खरे नव्हते. लग्न झाल्यापासून एमिल बीफ कापत आला होता. इतके पातळ, की चकतीतून खिडकी दिसावी. पाव भरणे आणि गुंडाळणे लिबीचे. पण फुटबॉलच्या या हंगामात तिने सुरी वरच्या फडताळात ठेवून दिली होती. आज पहाटे तिने स्वतःच बीफ कापले, रश्शासकट पातेल्यात ठेवले आणि खाटकाने कापून दिले असे त्याला सांगितले.

"हात थरथरतो वाटतं त्याचा," चकत्या निरखून एमिल म्हणाला होता. तिने पातेल्यावर झाकण ठेवले होते.

सून मार्लीस बटाट्याच्या सॅलडचे भांडे घेऊन दारात उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, अजूनही सांगते. पुढच्या शनिवारपासून सामना आमच्याकडे पाहू. बाबांना नाही आता हे झेपत."

"आज काही चुकलं तर तुझ्याकडे," लिबी म्हणाली. "नाही चुकलं, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

मार्लीसने मान डोलावली. काही चुकले तरी सासूबाई ते कबूल करतील, अशी आशा तिला नव्हती. लिबीचा केक बसला तर दोष पिठाचा असे. रस्सा खारट झाला तर मिठाचा.

गॅरेजमधून मुलाची, ड्वेनची, हाक आली. "आई, गसकाका माझ्या खुर्चीत बसलाय! आज हरलो तर याच्यामुळे!"

लिबी बाहेर गेली. संघाचे लाल सदरे, लाल टोप्या यांनी टीव्हीभोवती गॅरेज भरले होते. अर्धे गाव तिथे होते आणि उरलेले अर्धे शहरातल्या मैदानावर. तिने प्रत्येकाला त्याच्या ठरलेल्या खुर्चीत बसवले, शेजारच्या गसला तुटक्या पट्टीच्या खुर्चीत धाडले आणि ती स्वयंपाकघरात परतली.

ओट्यावर दोन ट्रेंमध्ये पुड्या ओळीने मांडल्या होत्या. फॉइलचे कोपरे सैनिकाच्या पलंगावरच्या चादरीसारखे कडक मोडलेले. शेगडीवरच्या पातेल्यावर झाकण, बाजूचा ओटा पुसलेला.

"झालं," एमिल म्हणाला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

एखादी पुडी उघडून पाहावी, असे लिबीच्या मनात येऊन गेले. पण गुंडाळलेली पुडी मध्यंतराआधी उघडायची नाही, हा नियम तिचाच होता. एकदा कुणीतरी तो मोडला होता आणि संघ शेवटच्या मिनिटाला हरला होता. शिवाय आज उघडून पाहणे म्हणजे त्याच्यासमोर त्याची परीक्षा घेणे. तिने त्याच्या गालाला हात लावला आणि दोन्ही ट्रे ओव्हनमध्ये सरकवले.

मध्यंतर झाले तेव्हा संघ मागे होता आणि सगळे भुकेले. पुड्या हातोहात फिरल्या. ड्वेनने फॉइल टरकावले, मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबला. त्याने पावाचे झाकण उचलले. वितळलेले चीज, खसखस आणि कांदा घातलेले मोहरीचे लोणी. बाकी काही नाही.

गसने आपल्या पावात डोकावून पाहिले. मग त्याच्या पलीकडच्याने. फॉइलची सळसळ थांबली. मार्लीसने लिबीकडे पाहिले. लिबीच्या डोळ्यांसमोर ते झाकण ठेवलेले पातेले आले.

एमिल मात्र चवीने खात होता. अर्धा पाव संपल्यावर त्याने उरलेला उघडून पाहिला.

"लिबी," तो सर्वांदेखत म्हणाला, "मांस घालायला विसरलीस की काय?"

टीव्हीवर बँड वाजत होता. लिबी ताठ उभी होती, दोन्ही हात अ‍ॅप्रनमध्ये.

"विसरले," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

ड्वेन आईकडे बघतच राहिला. हे शब्द त्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. तयार झालेली थट्टा त्याने गिळली, पाव मिटला आणि दुसरा घास घेतला. "लोणी झकास झालंय. गसकाका, तुला नको असेल तर तुझा इकडे दे."

"हात तर लावून बघ," गस म्हणाला आणि त्याने पाव छातीशी धरला.

मार्लीस उठली. आत जाऊन ती पातेले घेऊन आली आणि एकेकाच्या पावात मांस घालत फिरली. लिबीपाशी येताच ती थांबली. लिबीने हनुवटी उचलली. ठरलेले ते ठरलेले.

"पुढच्या शनिवारी मी लवकर येते, आई," मार्लीस म्हणाली. "इथंच. तुम्हाला आठवण करून द्यायला."

तेवढ्यात एमिल आपली खुर्ची ओढत आला. त्याने लिबीला खांद्याला धरून खुर्चीत बसवले, आपल्या पावाचा उरलेला तुकडा तिच्या हातात दिला आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी वाकला.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "वय झालं की व्हायचंच असं."