डोळ्यावरची चरबी

गुलाबरावांनी मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. बोलायचं वाक्य त्यांनी सकाळपासून चारदा घोकलं होतं. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, दगडी कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्टीवर, उभी हयात काढलेला माणूस, धगीला कधी भ्याला नाही. पण पोटच्या पोराला फोन लावायला भ्यायचा.

पायाशी कुत्रा पडला होता. काळाकुट्ट, म्हणून नाव कोक. आतल्या गाठीनं त्याचा डावा डोळा पुढे ढकलला होता आणि पापणी बोरासारखी टरारली होती. कॅन्सरच असणार असं धरून गुलाबराव त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, नुसती चरबीची गाठ आहे. मात्र डोळ्याच्या खोबणीत अशी गाठ क्वचितच होते. वाढली तर डोळा जाईल, शनिवारी काढून टाकू. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "घर का कोई आएगा न साथ में? इतना बड़ा कुत्ता है, अकेले से नहीं संभलेगा."

"आएगा न. लड़का है मेरा," गुलाबराव ऐटीत सांगून आले.

लडका रायपूरला. तासाभराचा रस्ता. पण दिवाळीनंतर त्याचं पाऊल इथं रिसालीत, बापाच्या घरी पडलं नव्हतं, आणि आता आंबे उतरायला लागले होते.

त्यांनी फोन लावला.

"हां बाबा, बोला लवकर. मीटिंग है."

त्या 'लवकर'नं घोकलेलं सगळं विस्कटलं. कोकचं नाव राहिलं बाजूला आणि वाक्याचं शेपूट तेवढं बाहेर पडलं. "डोळ्यावर चरबी आली रे अतुल. बाजूले उभा असलेला घरचा माणूस बी दिसत नाही आता."

अतुलचा आवाज चढला.

"बाबा, सीधा बोलो ना. टोमणे काऊन मारून राहिले?"

"टोमणा?"

"मले समजते. नवा फ्लॅट झाला, आता पोराले बाप दिसत नाही. यही ना? मालूम है मुझे, सहा महिने झाले आलो नाही." फोन कटला.

गुलाबराव मोबाइलकडे बघतच राहिले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. आता ह्याचं शनिवारी येणं तर दूरच, हा दिवाळीलाही फिरकायचा नाही. त्यांना रडू आलं, आणि बघायला घरात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

पाच मिनिटांनी मोबाइल वाजला. तिकडून. असं याआधी कधी झालं होतं, ते त्यांना आठवेना.

"शनिवारी सुट्टी आहे, येतो. तुमच्या नातीले बी आणतो." अतुलचा आवाज उतरला होता. "पण ते चरबी-बिरबी नका बोलत जाऊ, बाबा. लागते मनाले."

अरे, ते कोकच्या डोळ्याचं सांगत होतो, हे शब्द गुलाबरावांच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

"ये बाबू," ते एवढंच म्हणाले. "सकाळीच ये."

फोन ठेवून ते कोकच्या उजव्या बाजूला, त्याला दिसेल असे, जमिनीवर बसले. कोकनं शेपटी आपटली. त्या टरारलेल्या पापणीवर त्यांनी हलकेच बोट ठेवलं.

"तुही चरबी तर निघन शनिवारी," ते म्हणाले. "मंग पुढच्या खेपेले त्याले बोलवाचं कसं?"