दहावा माणूस

"नऊच भरले," जमातीचा मुकादम सॉलोमन म्हणाला. "दहा पुरुष असल्याबिगर प्रार्थना होत नाय."

दहाव्याची पनवेलला एसटी चुकली होती. बाकीचे नऊ इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मुंबईहून निडीला आले होते, गावचं सिनेगॉग बंद करायला. शेवटची प्रार्थना करायची, चामड्यावर लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, म्हणजे सेफेर तोरा, ट्रकात घालायची आणि इमारत भातगिरणीवाल्याला द्यायची. साल एकोणसत्तर. गावातली त्यांच्या जमातीची घरं केव्हाच इस्रायल देशात गेली होती.

इमारत धड होती. हातभर जाडीच्या काळ्या दगडी भिंती, चुन्यात बांधलेल्या. गोल कमानींच्या बारा खिडक्या. मधोमध प्रार्थना म्हणणाऱ्याचा लाकडी चौथरा, वर बायकांचा सागवानी सज्जा. सेफेरचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत, कारण जेरुसलेम तिकडे. मुंबईकर माना वर करून वाहवा करत होते. सज्जा पुढच्या आठवड्यात पाडायचा होता.

पायरीवर गावातलाच हासाजी बसला होता. दर वैशाखात त्या छपराची शाकारणी तोच करायचा. सज्जा पाडणार हे ऐकून त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्याचा बाप इस्रायल, आई पुतळी मिठागरातली आगरीण. म्हणून तो 'काळा इस्रायल'. बाकीचे 'गोरे'. रंगानं सॉलोमन त्याच्यापेक्षा चांगला दोन हात काळा होता, पण ते कोण बोलणार? पन्नास वर्षं हासाजीनं पायरीवरून प्रार्थना ऐकली. दहांत त्याला कुणी धरलं नाही.

"याला घ्या की," एक जण म्हणाला.

"अवो, पण याची आई..." दुसरा कुजबुजला.

ट्रकवाल्यानं हॉर्न मारला.

"मुकादम मी हाय का तू?" सॉलोमन खेकसला. "मी सांगतो, हासाजी इस्रायल हाय. ये रे आत. पाय पूस."

हासाजीनं पाय पुसले. टोपी नीट केली. पोथी घेतली नाही, त्याला सगळं पाठ होतं. सॉलोमन दोनदा अडखळला. दोन्ही वेळा पुढचा शब्द हासाजीनं दिला.

प्रार्थना झाली. सेफेर मखमलीत बांधला. मग सॉलोमननं विक्रीचा कागद काढला आणि चौथऱ्यावर पसरला. "सह्या करा भराभर."

"काय लिवलंय ते वाचा तरी," हासाजी म्हणाला.

"तुला रे कशाला?"

"कौलं मी चढवलीत. कळू दे."

कुणीतरी हसलं. सॉलोमननं चष्मा लावून घाईघाईत वाचलं, "'ट्रस्टच्या नियमाप्रमाणे, या गावात इस्रायल जमातीचा एकही माणूस राहत नसल्यामुळे, सदर इमारत विकण्यात येत आहे.'"

"मी ऱ्हातो," हासाजी म्हणाला.