खडखडणारं दार

बसच्या देखभालीचे डेपोंनी स्वेच्छेनं पाळायचे नियम ठरवायला समिती बसली होती. एका बसला लागलेल्या आगीत तिचं आपत्कालीन दार उघडलं नव्हतं आणि शैलजाबाईंचा तान्हा मुलगा गेला होता. म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

"ते दार जाम होतंच कसं?" त्यांनी विचारलं.

"जाम नसतं हो बाई," डेपोचे फोरमन घोलप चाचरत म्हणाले. "खडखडतं, प्रवासी कुरकुरतात. मग कंडक्टर तारेनं आवळून टाकतो."

शैलजाबाईंचा चहाचा कप हातातच राहिला. त्या दिवशी त्यांनीच कंडक्टरला विनवलं होतं, "बाळ आत्ता झोपलंय, तेवढा दाराचा आवाज थांबवा." थांबल्यावर आभारही मानले होते.

"दाराला तार बांधू नये, असं लिहूया," अध्यक्ष म्हणाले.

"पुढे लिहा," त्या म्हणाल्या, "आईनं विनवलं तरी."