चार दाणे

पिशवी काचेच्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवून शिंप्याने घड्याळाकडे पाहिलं. दुकानदाराने वीस मिनिटं सांगितली होती. पिशवीतला नवा सिक्लिड मासा, तळहाताएवढा, नारिंगी ठिपक्यांचा, त्याच्याकडे पाठ करून होता.

"रुसलाय," बायको म्हणाली. तिची पोस्टातल्या नोकरीवर जायची गडबड चालली होती. "आधीच्याची बातमी लागली असेल त्याला."

शिंपी हसला नाही. आधीचा मासा दोनच आठवड्यांपूर्वी पोट फुगून मेला होता. टाकीच्या तळाशी न खाल्लेल्या दाण्यांचा थर दिसला आणि शिंप्याचं डोकं फिरलं. कामाला येणाऱ्या मावशींना तो म्हणाला होता, "दुपारी या घरात चालतंफिरतं माणूस तुम्हीच. अख्खा डबा उपडा केलात की काय त्याच्यावर?"

मावशींनी हातातलं फडकं पिळलं, दोरीवर नीट पसरलं.

"सहा वर्षं तुमच्या घराची किल्ली माझ्या कमरेला आहे, दादा," त्या म्हणाल्या. किल्ली टेबलावर ठेवून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आतल्या खोलीत सासऱ्यांनी पलंगावरून हे सगळं ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणत. नऊ महिन्यांपूर्वी ते आपल्या घरी न्हाणीत घसरून पडले. एकटेच राहत होते, म्हणून लेकीने इथे आणलं. डॉक्टर म्हणत, हाड छान जुळलंय, आता पाऊल टाका. पण नानांचा पाय काही जमिनीवर ठरेना.

"एकदा चालायला लागा, नाना," शिंपी रोज धीर द्यायचा. "त्याच दिवशी तुम्हाला तुमच्या घरी सोडून येतो. कुलपाला तेलसुद्धा घालून ठेवलंय."

"हो, हो. बघू," नाना म्हणायचे.

या वेळी शिंप्याने दुकानदाराचा शब्दन् शब्द पाळायचं ठरवलं होतं. "याला एकट्यालाच ठेवा, याला शेजारी चालत नाही," दुकानदाराने बजावलं होतं. "लपायला जागा द्या. सकाळी चार दाणे, संध्याकाळी चार. देणारा माणूस एकच ठेवा. हा चेहरा ओळखतो. पंधरा दिवसांत तुम्ही दिसलात की काचेला येऊन चिकटेल बघा."

शिंप्याने वाळू सात वेळा धुतली. कड फुटलेलं मातीचं मडकं आडवं ठेवून माशाला घर केलं. दाण्यांचा डबा त्याने कपाटाच्या अगदी माथ्यावर ठेवला. तिथे पोचायला त्यालाही टाचा उंचवाव्या लागत.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. मासा काही काचेपाशी येईना. शिंपी दिसला की तो मडक्यात शिरे. चारातला एखादा दाणा खाई, बाकीचे तसेच राहत. आणि तरी, मापं घेऊन घेऊन तयार झालेल्या शिंप्याच्या नजरेला दिसलं, की गड्याचा घेर वाढलाय.

तो पुन्हा दुकानात गेला.

"या जातीला पोट फुगायचा रोग असतो," दुकानदार औषधाची बाटली देत म्हणाला. "तुमचा आधीचाही त्यानेच गेला असेल. दर वेळी खाण्यालाच दोष देऊ नये."

त्या दिवशी आपल्या शिलाईच्या दुकानात शिंप्याचं मशीनवर लक्ष लागेना. नानांच्या पायजम्याची झिजलेली कड दुमडायला घेतली होती, ती त्याने उलट्या बाजूने शिवली. टाके उसवताना मावशींचं ते फडकं पिळणं डोळ्यांपुढून जाईना. सहा वर्षांत त्या बाईने कधी चमचा इकडचा तिकडे केला नव्हता. आणि आपण काय बोललो, तेही नानांच्या कानावर जाईल अशा आवाजात.

रविवारी तो त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"माझी चूक झाली, मावशी. मासा रोगाने मेला होता."

"मासा रोगाने मेला म्हणून आलात," मावशी म्हणाल्या. "नसता मेला रोगाने, तर?"

शिंपी आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "घरी चला. निदान चहाला."

"चहाला येते. कामाचं नाव काढायचं नाही."

घरी आल्यावर मावशी दाराजवळच थांबल्या. शिंप्याने खुर्ची पुढे केली. "मी उभीच बरी," त्या म्हणाल्या. टाकीतला मासा दोघांना पाहून मडक्यात गेला होता.

"नाना, मावशी आल्यात," बायकोने आत हाक मारली. नानांची व्हीलचेअर महिनाभर दुरुस्तीला पडली होती, ती त्याच सकाळी परत आली होती. "चला बाहेर. आमचं नवं ध्यानही बघाल. आणल्यापासून पाहिलेलं नाही तुम्ही त्याला."

"राहू दे गं. मी इथेच बरा."

"पुरे झालं तुमचं इथेच बरं," म्हणत तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर ढकलली.

मासा मडक्यातून सुटला तो थेट काचेवर आला. सगळं अंग हलवत, तोंडाची उघडझाप करत तो वरखाली होऊ लागला. बायकोने खुर्ची डावीकडे घेतली, तो डावीकडे गेला. उजवीकडे घेतली, तो उजवीकडे. शिंपी मध्ये येऊन उभा राहिला, तर त्याला वळसा घालून मासा पुन्हा नानांसमोर.

मावशी हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

नानांनी माशाकडे पाहिलं. मग कपाटाच्या माथ्याकडे. मग बराच वेळ मावशींकडे. त्यांचे कान लाल झाले होते.

"मावशी, तुम्ही बसा," ते म्हणाले, आणि खुर्ची रिकामी करून उठून उभे राहिले.